चकवा, साखर आणि आपली आठवण



आपल्या खाडीकाठच्या गावांत एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. चकवा. रोजची पायाखालची वाट, रोजचाच शेताचा बांध, आणि त्यावरून घरी येणारी बाई अचानक वाट विसरते. तिथल्या तिथंच फिरत राहते. कुणी हाक मारली तर भलतंच बोलते. लोक तिला घरी आणतात, गूळ-पाणी देतात. थोड्या वेळानं ती सावध होते आणि विचारते, "मी इथं कशी आले?" मधलं काहीच तिला आठवत नसतं. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, चकवा लागला. कुणी नारळ ओवाळून टाकतं, कुणी भगताकडं न्यायला सांगतं.

त्यातलं गूळ-पाणी लक्षात ठेवा. प्रत्येक चकव्यामागं साखरच असते, असं आम्ही म्हणत नाही. पण ज्या बाईला मधुमेहाची गोळी चालू आहे, जी सकाळपासून नुसत्या चहावर आहे, तिचा चकवा गुळानं उतरला असेल, तर तो का उतरला हे समजून घ्यायला हवं. रक्तातली साखर आणि माणसाची आठवण यांचं नातं माणसाला कसं कळत गेलं, त्याचा इतिहास आज आपण ऐकणार आहोत. हा इतिहास दूरच्या शहरांतून फिरत शेवटी आपल्याच चुलीपाशी येतो.

मधुमेह हा काही आजकालचा आजार नाही. चरकसंहितेत लिहिलंय की अशा रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात. सुश्रुतानं बसून खाणाऱ्या, दिवसा झोपणाऱ्या, गोडधोड खाणाऱ्या माणसाला हा रोग होतो असं सांगितलं आणि उपायही सांगितला. रोगी गरीब असेल तर त्यानं अनवाणी दूरवर चालावं, विहीर खणावी. म्हणजे अंगमेहनत करावी. साखर लघवीत उतरते, एवढं आपल्या वैद्यांना ठाऊक होतं. पण ती डोक्यापर्यंत काय करते, हे कळायला फार काळ जावा लागला.

मेंदू आणि साखर यांची पहिली गाठ पडली ती फ्रान्समध्ये. १८४९च्या सुमारास क्लोद बर्नार या शास्त्रज्ञानं सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठिकाणी सुई टोचली, आणि थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर आली. त्यानं दाखवून दिलं की यकृतात साखर तयार होते, साठवली जाते, आणि या कारभारात मेंदूचाही हात असतो. पुढं १८८९ साली जर्मनीत मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागं असलेली एक ग्रंथी. कुत्र्याला लगेच मधुमेह झाला. रोगाचं मूळ कुठं आहे ते सापडलं, पण औषध सापडलं नाही.

औषध सापडायला १९२१ साल उजाडलं. कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून इन्शुलिन वेगळं काढलं. कॉलिप यांनी ते शुद्ध केलं. जानेवारी १९२२मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं. तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवण्यापलीकडं डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं. तो मुलगा सावरला. शोध लावणाऱ्यांनी त्याचा हक्क टोरांटो विद्यापीठाला एका एका डॉलरला देऊन टाकला.

त्याच १९२२ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये माइल्स आणि रूट या दोघांनी एक वेगळंच काम केलं. मधुमेही माणसं नेहमी तक्रार करायची की आम्हाला आठवत नाही, लक्ष लागत नाही. डॉक्टर ते कानाआड करायचे. या दोघांनी रोग्यांना समोर बसवून स्मरणाच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या घेतल्या. रोगी खरंच मागं पडत होते. माणसाची तक्रार खरी मानून ती मोजली गेली, ही त्या कामातली मोठी गोष्ट. आपल्याकडंही घरातली बाई म्हणते, "माझं डोकं चालत नाही गं," तेव्हा आपण हसतो. तिथं कुणीतरी हसलं नाही, म्हणून पुढचा रस्ता उघडला.

इन्शुलिन हातात आल्यावर एक गोष्ट लगेच दिसली. ते जास्त झालं की रक्तातली साखर खाली येते आणि माणूस घामाघूम होतो, थरथरतो, चिडतो, बरळतो आणि बेशुद्ध पडतो. १९३३ साली व्हिएन्नातल्या मॅनफ्रेड साकेल या डॉक्टरनं याचाच उपचार केला. मनोरुग्णांना मुद्दाम जास्त इन्शुलिन द्यायचं, बेशुद्ध करायचं आणि मग साखर देऊन शुद्धीवर आणायचं. ही पद्धत जगभरच्या मनोरुग्णालयांत वीस-पंचवीस वर्षं चालली. त्यात माणसं दगावलीही. पुढं तिचा उपयोग नाही असं ठरून ती बंद पडली. या क्रूर उपचारानं एक गोष्ट मात्र हजारो वेळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणली. साखर उतरली की चांगलं माणूस वेड्यासारखं वागतं आणि साखर मिळाली की शुद्धीवर येतं. आपल्या आज्या चकवा लागलेल्या बाईला गूळ द्यायच्या, तेव्हा त्यांच्या हातून कधीकधी नेमका हाच उपचार होत होता.

असं का होतं, ते आता साध्या शब्दांत पाहू. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त दोन टक्के असतो, पण शरीराच्या एकूण इंधनापैकी साधारण वीस टक्के एकटाच खातो. दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर त्याला लागते. ती आपण खातो त्या भातातून, भाकरीतून, डाळीतून आपोआप तयार होते, वेगळी चमच्यानं खावी लागत नाही. मेंदूकडं साठवणीची कणगी जवळजवळ नाही. दिवसभराचा पुरवठा सतत चालू लागतो. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते रसायनांच्या रूपात. आठवणीच्या कामी येणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन बनवायलाही साखरेचाच आधार लागतो. साखर कमी पडली की इंधनही कमी आणि निरोपही कमी.

मेंदूत नवी आठवण जिथं पक्की होते त्या भागाला हिप्पोकॅम्पस म्हणतात. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हे नाव पडलं. साखर फार उतरली तर या भागाला लवकर इजा होते. बराच काळ शास्त्रज्ञांना वाटत होतं की इन्शुलिनचं मेंदूत काही काम नसतं. १९७८ साली याना हावरांकोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत इन्शुलिन धरून ठेवणाऱ्या जागा दाखवल्या. आज आपल्याला माहीत आहे की आठवणीच्या कामातही इन्शुलिनचा वाटा आहे.

ही झाली उतरलेल्या साखरेची बाजू. चढलेली साखर वेगळं नुकसान करते. ती गाजावाजा न करता वर्षानुवर्षं बारीक रक्तवाहिन्या खराब करते. जशी डोळ्यांतली आणि मूत्रपिंडातली वाहिनी बिघडते, तशी मेंदूतलीही. १९९९ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात हजारो वयस्कर माणसांच्या पाहणीतून दिसलं की मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका जवळपास दुप्पट असतो. आणि २००९ साली कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून अधिक मधुमेही वृद्धांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साखर फार उतरून ज्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, त्यांच्यात पुढं स्मृतिभ्रंश जास्त आढळला. म्हणजे साखर सारखी चढलेली असणंही वाईट आणि वारंवार घसरणंही वाईट.

आता आपल्या किनाऱ्याकडं येऊ.

आपल्या आज्या-पणज्या काय खायच्या ते आठवा. खारजमिनीत भुरा राता, काळा राता हे खारं पाणी सोसणारे भात पिकायचे. तांबडा तांदूळ. तो उखळात मुसळानं सडायचा. सडणारी बाई घामाघूम व्हायची, पण तांदळावरचा कोंडा बराचसा राहायचा. डोंगराकडच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. जोडीला खाडीतली निवटी, कालवं, सुकट, बोंबील. मिठागरात टोपल्या वाहायच्या, लावणीला दिवसभर वाकायचं, बाजाराला पायी जायचं. आज मुसळ गेलं आणि गिरणी आली. मुसळ गेल्याचं आम्हाला दुःख नाही. त्या मुसळानं बायकांची कंबर मोडली होती. पण गिरणीबरोबर कोंडाही गेला आणि ताटात पांढराशुभ्र भात आला, जो रक्तात लवकर साखर होतो. १९५०-५१ साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम झाला. मग राज्यभर कारखाने उभे राहिले, साखर रेशनवर आली, आणि कोऱ्या चहाच्या कपात दिवसातून चार-पाच वेळा पडू लागली. चालणं कमी झालं, रिक्षा दारात आली. सुश्रुतानं सांगितलेली विहीर आता जेसीबी खणतो.

पण मग एक प्रश्न उरतो. आपल्याकडं सडपातळ बायकांनाही मधुमेह का होतो? याचं उत्तर भुकेच्या इतिहासात आहे. आपल्या अलिबाग तालुक्यात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरी आणि आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला. जमीन कसायचीच नाही, असं ठरवलं. त्या संपाचा आपल्याला अभिमान आहे. पण शेत न पिकवता सहा वर्षं चूल पेटती ठेवणं म्हणजे काय, ते त्या घरातल्या बायकांनाच ठाऊक. संपाआधीही धान्य खोताच्या खळ्यात जायचं आणि घरातली बाई शेवटी उरलंसुरलं जेवायची. गरोदर असली तरी.

आईच्या पोटात असताना झालेली उपासमार लेकराच्या शरीरात राहते, हे जगाला हॉलंडमध्ये दिसलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडचं अन्न तोडलं. त्या उपासमारीत जी मुलं आईच्या पोटात होती, ती पन्नाशीला आल्यावर त्यांची साखर तपासली. इतरांपेक्षा ती जास्त चढत होती. पुढं साठीच्या आसपास त्यांच्यातली जी माणसं गर्भाच्या सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहिली होती, ती लक्ष एकाग्र करण्याच्या चाचणीत मागं पडली. एकाच भुकेच्या साखर आणि मेंदू या दोन्ही ठिकाणी खुणा राहिल्या.

असंच काम आपल्या महाराष्ट्रातही झालं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपली बाळं नुसती लहान नव्हती. हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि त्या मानानं चरबी मात्र टिकून. दिसायला बारीक, आतून चरबीची. अशा शरीराला पुढं मधुमेह लवकर गाठतो. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. निम्म्याहून कितीतरी अधिक आयांच्या रक्तात बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांमध्ये ते फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष देण्याच्या आणि आकडे ऐकून लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागं राहिली. म्हणजे सुनेच्या ताटात काय पडतं, हा नातवाच्या शाळेचाही प्रश्न आहे.

या बी-बाराचा आणि इन्शुलिनचा इतिहास एका बाईच्या हातून गेलाय. डोरोथी हॉजकिन हे तिचं नाव. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची ही शास्त्रज्ञ. पंचविशीत असताना, १९३५ साली, तिनं इन्शुलिनच्या स्फटिकाचा पहिला क्ष-किरण फोटो काढला. संधिवातानं तिच्या हातांची बोटं वाकडी झाली होती. तीन मुलं वाढवत तिनं काम सोडलं नाही. बी-बाराची रचना तिनं १९५५-५६मध्ये उलगडली, १९६४ साली तिला नोबेल मिळालं आणि इन्शुलिनची रचना १९६९ साली पुरी केली. पहिल्या फोटोनंतर तब्बल चौतीस वर्षांनी.

ही दोन नावं आपल्या घरातल्या औषधाच्या डबीतही एकत्र येतात. मधुमेहाला सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन. गोळी चांगली आहे, स्वस्त आहे, ती आपल्या मनानं बंद करायची नाही. पण ती वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या शरीरातलं बी-बारा कमी होतं. बी-बारा कमी झालं की हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो आणि विसरायला होतं. हे विसरणं वेळेत ओळखलं तर पुष्कळदा गोळ्या-इंजेक्शनांनी सुधारतं. बी-बारा मिळतं ते मासळीतून, कालवं-शिंपल्यांतून, सुकटीतून, अंड्यांतून, दुधा-दह्यातून. आपण दर्याकाठची माणसं, आपल्याला कसली कमतरता, असं वाटेल. पण ज्यांनी माळ घातली, ज्यांनी मासळी सोडली, आणि ज्यांच्या घरी दूध फक्त चहापुरतं येतं, त्या बायका नेमक्या याच वयाच्या, याच गोळ्या घेणाऱ्या असतात. त्यांनी डॉक्टरांना "माझं बी-बारा बघाल का?" असं स्वतःहून विचारावं.

आता सांगा, हे सगळं आज आपल्याला का हवं? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. तो पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त आहे. त्याच वर्षी दुसऱ्या पाहणीनं देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचं सांगितलं. पण आकड्यांपेक्षा घरात काय होतं ते महत्त्वाचं. बाई दोनदा विसरली की तिला म्हातारचळ लागला म्हणतात. तिच्या कमरेची किल्ली जाते. गटाचा हिशेब तिच्याकडून काढून घेतात. जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा कुणीतरी धरून उठवतं. ज्या विसरण्याला उपाय होता, त्यापायी तिचं घरातलं स्थान जातं.

म्हणून आम्ही एवढंच सांगतो. "वय झालं" म्हणण्याआधी तपासा. रक्तातली साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, बी-बारा आणि थायरॉइड. तिशीपुढच्या प्रत्येकीची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रात आहे. आशाताईंना विचारा.

पहाटे तीनला उठून बंदरावर लिलावाला जाणाऱ्या बायांनो, गोळी किंवा इन्शुलिन घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहू नका. डब्यात भाकरीचा तुकडा ठेवा. हरतालिका, वटपौर्णिमा, एकादशी, नवरात्र यांच्या आधी डॉक्टरांना विचारा, की उपासाच्या दिवशी गोळीचं काय करू. साबुदाण्यानं साखर चढते आणि निर्जळीनं उतरते. देवाला आपला जीव नको आहे.

मधुमेहाची औषधं घेणारी कुणी घामानं भिजली, थरथरली, भलतं बोलू लागली, तर साखर सत्तरच्या खाली गेली असेल असं समजा. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या. बरं वाटलं की भाकरी किंवा भात खाऊ घाला आणि दवाखान्यात दाखवा, कारण काही गोळ्यांचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथं साखरपाण्यात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.

आणि ताटात? भात सोडायला आम्ही सांगत नाही, आपल्या गळी ते उतरायचंही नाही. भात एक वाटी कमी, डाळ, भाजी आणि कालवण जास्त. आठवड्यातून काही दिवस नाचणीची भाकरी. सुकट खा, पण रक्तदाब असेल तर मीठ धुऊन. चहातली साखर हळूहळू निम्मी करा.

पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर एक प्रश्न विचारा. "आपल्यातल्या कुणाला हल्ली विसरायला होतंय का?" जी हात वर करेल तिला हसू नका. तिच्याबरोबर एक जण आरोग्य केंद्रात जा. आपल्या आज्या चकवा लागलेल्या बाईला एकटं सोडत नव्हत्या, हाताला धरून घरी आणत होत्या. आपणही तेवढं करूया.